दृष्टिहीन मुलाची वही तपासायची कोणी? वर्गशिक्षक अन् विशेष शिक्षकांचं काम जुळायला हवं

गावातल्या जिल्हा परिषद शाळेत दृष्टिहीन मूल दाखल झालं, की बऱ्याच ठिकाणी ठरलेलं उत्तर मिळतं, "तालुक्याचे विशेष शिक्षक येतील, ते बघतील." पण समग्र शिक्षा अंतर्गत काम करणाऱ्या या शिक्षकांकडे अनेक शाळा असतात. आज इथे, उद्या दुसऱ्या गावात. बाकीचे दिवस मूल वर्गशिक्षकांसमोरच बसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिलाय. नुसतं बसण्याचा नाही.

वहीचंच बघा. ब्रेल म्हणजे सहा ठिपक्यांची लिपी. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत लिहायचं, मग कागद उलटा करून बोटांनी डावीकडून वाचायचं. बाईंना ब्रेल येत नाही, म्हणून वही तपासली जात नाही. मुलाचं शुद्धलेखन चुकतंय हे त्याला कळणार कसं? यावर सोपा मार्ग आहे. बाईंनी रोज मुलाकडून उत्तर मोठ्याने वाचून घ्यावं. विशेष शिक्षक आले, की त्यांनी ठिपक्यांच्या वर पेनाने तीच ओळ देवनागरीत, मुलाने लिहिली तशीच, उतरवावी. मग बाई तपासू शकतात.

दुसरी गोष्ट आधी कळवण्याची. पुढच्या आठवड्यात त्रिकोण शिकवायचा असेल, तर व्हॉट्सॲपवर आजच सांगा. कागदावर दोरा चिकटवून आकृती करायला विशेष शिक्षकांना वेळ लागतो. आणि फळ्यावर "हे यात मिळवा" म्हणू नका, "पाचात तीन मिळवा" म्हणा. बाकीच्या पोरांनाही ते बरंच पडतं.

थोडं दिसणाऱ्या मुलाला सरसकट ब्रेल देऊ नये. त्याला मोठी अक्षरं, योग्य उजेड पुरतो का, हे दोन्ही शिक्षकांनी मिळून बघावं.

परीक्षेत मात्र मुख्याध्यापकांची गरज लागते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. पण स्वतः ब्रेल लिहिणाऱ्या मुलाला दुसऱ्याला उत्तर सांगून लिहवून घ्यायची सवय नसते. ऐन दहावीत ते जमत नाही. म्हणून लेखनिक घटक चाचणीपासूनच बसवावा, आणि दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर पालकांना नववीतच तसं सांगावं.