माळव्यातला जुना वाडा विकत घेताना

इंदुरातून सांवेर, देपालपूर किंवा महूच्या बाजूला निघालं की गावाच्या मधोमध एखादा थोराड, अर्धा पडलेला वाडा दिसतो. कधीकाळी गावाचा वसूल त्याच्याच ओसरीवर मोजला गेलेला असतो. १९४८ साली इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झालं, १९५१च्या कायद्यांनी जहागिरी आणि जमीनदारी संपली आणि या वाड्यांना पोसणारं उत्पन्न आटलं. पुढची पिढी इंदूर, पुणे, अमेरिका अशी पांगली. आता असे वाडे विकायला निघतात. ते कुणीतरी घ्यावेत, जपावेत, असं मला मनापासून वाटतं. पण घेणारा आधी खांबांवरची नक्षी पाहतो आणि तिथेच भुलतो. आधी कागद पाहावेत, मग छप्पर, मग पाण्याची वाट. नक्षी कुठे पळून जात नाही.

कागदांत पहिला प्रश्न जागेचा. महाराष्ट्रातल्या गावठाणाला इथे आबादी म्हणतात. आबादीतल्या घरांना पूर्वी बहुधा पंचायतीच्या कराच्या पावतीपलीकडे पुरावा नसे. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत मध्यप्रदेश होता. ड्रोनने आबादीची मोजणी होऊन घरमालकांना अधिकार अभिलेख मिळू लागले. तो मागाच. वाड्यामागे शेत असेल तर त्याचा खसरा आणि बी-१ पटवाऱ्याकडच्या नोंदींशी ताडून घ्या. सातबाऱ्याची सवय असलेल्यांना ते लवकर उमगतं. मध्यप्रदेशात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरीच असावा लागत नाही. मात्र जमीन आदिवासी मालकाची असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासी माणसाने पुढे पाऊल टाकू नये. जवळपास केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत आधी परवानगी लागते.

खरी गुंतागुंत वारसांची. वाड्याची किल्ली एका भावाकडे असते आणि मालकी तीन पिढ्यांत वाटली गेलेली असते. म्हणून विकणाऱ्याकडून आधी वंशावळ लिहून घ्या आणि तीत मुलींची नावं आहेत का ते पाहा. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. ती दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. ‘बहिणींनी तोंडी हक्क सोडलाय’ या वाक्यावर पैसे मोजू नयेत. हक्कसोडपत्र नोंदलेलं हवं.

‘माझा हिस्सा तेवढा घ्या, बाकीच्यांचं मी बघतो’ असंही कुणी म्हणेल. तो सौदा टाळा. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला एकाचा हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात इतरांबरोबर ताबा मिळत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४४वं कलम सांगतं. पुढे त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३च्या वाटणी कायद्यानुसार घरचे लोक न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतात. तेव्हा सगळ्या वारसांच्या सह्या एकाच रजिस्ट्रीवर हव्यात. त्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी आणि रजिस्ट्रीनंतर तहसिलीत शेताचं नामांतरण लगेच करून घ्यावं.

आता वाड्याचं वय. ‘दोनशे वर्षांचा आहे’ असं विकणारा सांगतोच, पण घर स्वतःही बोलतं. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला, म्हणजे ती कौलं मूळची असतील तर छप्पर त्यानंतरचं. लोखंडी गर्डर दिसले तर बांधकामाचा तो भाग बहुधा १८७०च्या दशकात खांडवा-इंदूर रेल्वे आल्यानंतरचा. असा बोजा बैलगाड्यांनी घाट चढवणं सोपं नव्हतं. आणि भारतात सिमेंटचं उत्पादन पोरबंदरला १९१४ साली सुरू झालं, तेव्हा सिमेंटचा गिलावा हा जुन्या वाड्यावर नंतर चढलेला थर असतो. त्याच्या आत काय चाललंय ते तपासायलाच हवं.

जुनी भिंत कशी चालते हे एकदा कळलं की दुरुस्तीचे निम्मे निर्णय आपोआप होतात. दोन-अडीच फूट जाडीची ही भिंत बाहेरून दगडाची किंवा पातळ विटांची असते आणि आत माती, चुना, भर. पावसात ती ओल घेते आणि उन्हात सोडते. चुन्याचा गिलावा या ये-जा करणाऱ्या ओलीला अडवत नाही. सिमेंटचा थर मात्र तिला आत कोंडतो. कोंडलेली ओल भिंतीतून वर चढते, क्षार घेऊन बाहेर पडायला बघते आणि लोणा धरतो. गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि आतली माती भुसभुशीत होते. घरमालक त्यावर आणखी सिमेंट थापतो. अशी थापलेली भिंत दिसली की कंबरेच्या उंचीवर थोडा गिलावा सोलून पाहण्याची परवानगी मागा.

पाया पाहताना माळव्याची काळी माती विसरू नये. पावसात ती फुगते, वैशाखात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर घरही तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, वर रुंद आणि खाली निमुळती चीर म्हणजे भिंतीचा तो कोपरा बसतोय. चीर जुनी की चालू, हे कळायला काचेची पातळ पट्टी तिच्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने घट्ट बसवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काच फुटली की चीर जिवंत आहे.

लाकूड बहुतेक सागाचं. तुळई मधे कितीही देखणी दिसली तरी ती जिथे भिंतीत शिरते तिथे पाहा. ओल तिथे पोचते, वारा पोचत नाही. पेचकसाचं टोक दाबून बघा. निकोप लाकडात ते अडतं, कुजलेल्यात सहज शिरतं. वाळवी बाहेरचं कच्चं लाकूड आधी खाते आणि वर पापुद्रा शाबूत ठेवते, म्हणून ठोकून आवाजही ऐकावा. सगळी तुळई बदलावी लागतेच असं नाही. बरेचदा कुजलेलं टोक कापून नव्या सागाचा सांधा देता येतो. जुना सुतार हे काम जाणतो. तो मिळेपर्यंत थांबावं.

या साऱ्याचा मोठा दाखला इंदुरातच आहे. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४च्या दंगलीत त्याचा मागचा भाग जळाला. उषाराजे होळकरांच्या पुढाकाराने २००६ पासून तो जुन्याच पद्धतीने, चुना आणि लाकूड वापरून पुन्हा उभा राहिला. एवढी इमारत तशी उभी राहू शकते, तर आठ खणांच्या वाड्याला आरसीसी कशाला? त्या आगीची आठवण ठेवून वाड्यातली जुनी वायरिंग मात्र पहिल्याच महिन्यात काढून टाका. शंभर वर्षं वाळलेल्या सागाला एक ठिणगी पुरते.

सौदा ठरल्यावर बयाण्याची मुदत अशी ठेवा की मधे एक पावसाळा जाईल. पावसात चौकातलं पाणी कुठून निघतं, कुठे तुंबतं, कुठली पाखी गळते, हे डोळ्यांनी पाहावं. रजिस्ट्री झाली की काम वरून खाली चालतं. आधी छप्पर शाकारायचं, फुटकी कौलं किंवा कवेलू बदलायचे, पन्हळी मोकळ्या करायच्या. मग जोत्याभोवती चढलेली माती उतरवून पाणी भिंतीपासून लांब नेणारा उतार काढायचा. एवढं झालं की भिंतीला एक उन्हाळा नुसतं वाळू द्यायचं.

गिलावा त्यानंतर. कळीचा चुना पाण्यात विझवून काही आठवडे मुरवतात आणि वाळू व विटांच्या सुरकीबरोबर घाणीत मळतात. बेलफळाचा गर, गूळ, उडदाचं पाणी घालण्याची जुनी रीत जाणणारे गवंडी अजून आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा दगड होतो आणि हे हळूहळू होतं. म्हणून थर पातळ, दोन थरांत अंतर, वर ओलं गोणपाट, आणि थेट उन्हापासून आडोसा. रंगही चुन्याचाच द्यावा. प्लास्टिक इमल्शन लावलं तर भिंत पुन्हा कोंडते.