उत्तर कोणाच्या टेबलावर?

पिंपळे सौदागर म्हटलं की आज डोळ्यांपुढे येतात ते उंच टॉवर, मॉल आणि संध्याकाळी खोळंबलेली वाहनं. शेतीच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हे गाव शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांना घेऊन या गावाची पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने छापून आली. कोणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, त्यावर व्याज किती, घरखर्च कसा भागतो, हे सगळं दारोदार विचारून लिहून घेतलेलं. १७७१ साली सरासरी चाळीस एकरांची असलेली धारणा १९१५ पर्यंत सात एकरांवर आली होती, हा त्यातला आकडा पुढे कैक पाठ्यपुस्तकांत गेला. हे गाव शहराला फारच लागून होतं, म्हणून मॅन यांनी एन. व्ही. कानिटकरांसह पुण्यापासून दूरचं जातेगाव बुद्रुक निवडलं आणि १९२१ साली दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. तुकडेबंदीचा कायदा मुंबई प्रांतात आला १९४७ साली. जमिनीचे तुकडे मोजून झाल्याला तोवर तीस वर्षं झाली होती.

आपल्या विद्यापीठांना भोवतालच्या प्रश्नांशी देणंघेणं नाही, ही तक्रार म्हणूनच मला अर्धीमुर्धी वाटते. अभ्यास झाले, आणि काही फार चांगले झाले. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने पॅट्रिक गेडिस यांना बोलावून समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला. १९३० साली पुण्यात गोखले संस्था उभी राहिली. तिथे धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली आले. शहर समजून घ्यायचं तर त्याची कुटुंबं, धंदे, मिळकती मोजायला हव्यात, हा धडा तेव्हाच घालून दिला गेला होता. घोडं अडत आलंय ते त्यापुढे. मोजून झालं, छापूनही झालं, पण ते उत्तर कोणाच्या टेबलावर जाणार आणि त्यावर सही कोण करणार?

टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. संस्थेने टेबलच पोलिसांकडे नेऊन ठेवलं. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला चौकीत साधारण दोन वाक्यं ऐकायला मिळत: ‘एन. सी. (अदखलपात्र तक्रार) लिहून घेतो’ किंवा ‘घरचं भांडण घरातच मिटवा’. तिला लगेच फौजदारी करायची असते असंही नाही. कधी तान्हं मूल सासरी अडकलेलं असतं, कधी दागिने, कधी रेशनकार्ड किंवा मुलाचा शाळेचा दाखला. मुंबई पोलीस यंत्रणेतच सुरू झालेल्या ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्षा’त प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. बाईचं म्हणणं सलग ऐकायचं, तिला काय हवं ते तिलाच ठरवू द्यायचं, आणि मग समोरच्याला बोलावणं धाडायचं. ते बोलावणं पोलिसांच्या आवारातून आलेलं असल्यामुळे सासरची मंडळी येतात. समुपदेशन संस्थेच्या कॅम्पसवर ठेवलं असतं, तर त्यातले किती जण फिरकले असते? पुढे राज्य सरकारने हे कक्ष आपले मानले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. याच संस्थेचा प्रकल्प म्हणून १९९६ साली सुरू झालेली मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन तर देशभर पसरली. जगातल्या कुठल्या जर्नलमध्ये यावर किती निबंध आले याची मी मोजदाद केलेली नाही, करायची गरजही वाटत नाही.

मुंबईच्या पुराची गोष्ट थोडी निराळी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. मधल्या मुंबईत कुठे किती कोसळला, हे नेमकं सांगायची सोयच नव्हती. शहराचे जुने नाले ताशी २५ मिलीमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेले, आणि त्यातही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत धरलेलं. मुरायला जमीन उरली होती कुठे? आयआयटी मुंबईचे प्रा. कपिल गुप्ता यांच्यासारख्या अभ्यासकांच्या सल्ल्याने महापालिकेने त्यानंतर शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली, बरीचशी अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर. जागा मोक्याची होती. तिथे चोवीस तास माणसं असतात, वीज असते आणि यंत्र चोरीला जात नाही. दर पंधरा मिनिटांचा पाऊस आता नियंत्रण कक्षात दिसतो. दादरचं हिंदमाता तरीही तुंबतं, पण निदान का तुंबलं यावर आकड्यांनिशी भांडता येतं.

उत्तर थेट वापरणाऱ्याच्या हाती देण्याचं कसब कृषी विद्यापीठांकडे उपजतच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं जलकुंड म्हणजे प्लास्टिकचं अस्तर घातलेला छोटा खड्डा. पावसाळ्यात भरून ठेवायचा आणि उन्हाळ्यात डोंगरउतारावरच्या आंबा-काजूच्या कोवळ्या कलमांना त्यातलं पाणी द्यायचं. तिथलाच ‘कोकण विजय बंधारा’ गावातल्याच दगडांचा, सिमेंटशिवाय रचायचा.

बाकी विद्यापीठांचं गणित कुठे चुकतं, हे पाहायचं तर देशाच्या क्रमवारीकडे पाहावं. एनआयआरएफ या क्रमवारीत ‘आउटरीच अँड इन्क्लुसिव्हिटी’ नावाचा कप्पा आहे, शंभरातल्या दहा गुणांचा. नाव वाचून वाटावं, इथे शेजारच्या गावात किंवा वस्तीत केलेलं काम मोजत असतील. प्रत्यक्षात मोजतात ते परराज्यांतले विद्यार्थी किती, मुली किती, वंचित घटकांतले विद्यार्थी किती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सोयी कोणत्या. हे मोजायलाच हवं, वाद नाही. पण कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या टँकरला या हिशोबात कुठेच जागा नाही.

टँकर म्हटल्यावर आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’कडे यावंच लागतं. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारं हे केंद्र १९८५ पासूनचं. ठाणे-रायगडच्या ज्या पट्ट्यात पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या घरात, तिथल्याच पाड्यांवर मार्च-एप्रिलपासून टँकर का लागतो, हा इथल्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. तो सोडवायला विहिरीत टेप सोडावी लागते, पंप किती तास चालतो ते पाहावं लागतं, नळयोजनेची टाकी आणि शेवटचं घर यांच्या उंचीतला फरक काढावा लागतो, आणि ग्रामपंचायतीने वीजबिल भरलंय का हेही विचारावं लागतं. बंद पडलेल्या योजनेचं कारण बरेचदा या शेवटच्या प्रश्नाशी सापडतं. इथल्याच प्रा. मिलिंद सोहोनी यांचा आग्रह असा की हे काम आयआयटीचं नव्हेच, ते त्या त्या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजचं आहे. २०१६ साली उच्च व तंत्रशिक्षण खात्याने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ काढलं ते याच विचाराने. पोरांनी शेवटच्या वर्षाला बाजारातून प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा तालुक्याची नळयोजना तपासावी, आणि तो अहवाल जिल्हाधिकाऱ्यांनी मागितलेला असावा.

यातली सर्वांत अवघड परीक्षा शेततळ्यांची ठरली. कल्पना सरळ आहे. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायचं आणि खंड पडला की पिकाला द्यायचं. पण तळ्याला प्लास्टिकचं अस्तर आलं आणि तळं भरायची रीतच बदलली. पावसाळ्याच्या अखेरीला विहिरीत पाणी असतं, तेव्हा पंप लावून ते वर उपसायचं आणि द्राक्ष-डाळिंबाच्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवायचं. दख्खनच्या काळ्या पाषाणात मुळात पाणी थोडं, आणि ते जमिनीखाली सगळ्यांचं सामाईक. जो आधी उपसेल त्याचं ते होतं. शेजाऱ्याची विहीर लवकर आटते, मग तोही तळं खोदतो. उघड्यावरचं काही पाणी उन्हाने उडून जातं ते निराळंच. पूजा प्रसाद, ओम दामानी आणि मिलिंद सोहोनी यांनी २०२२ साली या चक्राचा अभ्यास मांडला. त्याचं सार असं की गावाच्या पाण्याच्या मानाने तळ्यांना एक मर्यादा असते. तिच्या अलीकडे तळं शेतकऱ्याला तारतं, पलीकडे गेलं की तळंवाल्यांसकट सगळे एकत्र बुडतात.

आणि सरकारी योजनेचं नाव होतं ‘मागेल त्याला शेततळं’.

आयआयटी मुंबईनेच जागतिक बँकेच्या मदतीच्या ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी’ प्रकल्पासाठी गावागावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवून दिली. पहिल्या टप्प्यात पंधरा जिल्ह्यांतली पाच हजारांहून अधिक गावं होती. पाऊस किती, वाहून गेला किती, मातीत किती मुरला, विहिरींना किती आला, पिकांची गरज किती. एका पानावर गावाची जमा आणि खर्च. मॅनच्या वहीपेक्षा हे पान नशीबवान, कारण ते कृषी सहायकाच्या हातात आणि ग्रामसभेसमोर जातं. आता तूट दाखवणाऱ्या गावात नव्या शेततळ्याचा अर्ज आला, तर त्या पानाच्या आधारे ‘नाही’ म्हणायचा अधिकार कोणाला आहे, हे शासन निर्णयात लिहिलेलं मला कुठे सापडलेलं नाही. तो तपशील खात्याने भरायचा आहे, प्राध्यापकांनी नव्हे.