शितावरून जंगलाची परीक्षा

टोपलीत आंबे किती आहेत हे तुम्ही चटकन मोजून सांगाल. शाळेत मुले किती आहेत हेही हजेरीपटांवरून सांगता येईल. पण समजा, तुम्हाला कोणी विचारले, "एका अख्ख्या देशातल्या जंगलात मिळून लाकूड किती आहे?" तर काय कराल? झाड न् झाड मोजायला निघालात, तर मोजणी पुरी होण्याआधीच पहिली झाडे वाढून मोठी झालेली असतील आणि काही तोडलीही गेली असतील!

हा प्रश्न निव्वळ कोड्यासाठी रचलेला नाही. युरोपच्या उत्तरेला असलेल्या स्वीडन देशापुढे तो खरोखरच उभा होता. त्या देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. पाइन आणि स्प्रूस ही तिथली मुख्य झाडे. इमारती लाकूड आणि कागद यांवर देशाचा फार मोठा व्यापार चालतो. साहजिकच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या लोकांना काळजी वाटू लागली, की आपण दरवर्षी जेवढे लाकूड तोडतो, तेवढे वर्षभरात पुन्हा वाढते ना? वाढीपेक्षा तोड जास्त झाली तर नातवंडांच्या वाट्याला काय उरणार? याचे उत्तर अंदाजपंचे देऊन भागण्यासारखे नव्हते.

म्हणून १९२३ ते १९२९ या काळात स्वीडनने आपल्या जंगलांची पहिली राष्ट्रीय पाहणी केली. नकाशावर समांतर सरळ रेषा आखल्या. माणसे त्या रेषांवरून डोंगर, दलदल न चुकवता चालत गेली आणि रेषेच्या कडेच्या अरुंद पट्ट्यातल्याच झाडांची जाडी त्यांनी मोजली. पट्ट्याबाहेरचे प्रचंड जंगल तसेच सोडून दिले. थोडक्यात, शितावरून भाताची परीक्षा!

पण थांबा. शितावरून भाताची परीक्षा नेहमी बरोबर ठरते का? तळाचा भात करपला असेल, तर वरचे शीत त्याची खबर देईल का? पातेले नीट ढवळलेले असेल, तर कुठलेही शीत चालते. जंगल मात्र कोणी ढवळलेले नसते. ओढ्याकाठी झाडे दाट आणि उंच असतात, खडकाळ माळावर खुरटी असतात. पूर्वी जिथे वणवा लागला होता, तिथली सगळीच झाडे कोवळी असतात. जंगलात शेजारी शेजाऱ्यासारखा असतो. आजच्या आपल्या गोष्टीचे मूळ या साध्या वाक्यात आहे.

दहा झाडांची किंमत किती?

सरासरी काढताना मोजमापे वाढवली की चूक कमी होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. किती कमी होते? त्याचा एक नियम आहे. चूक निम्म्यावर आणायची असेल तर मोजमापे चौपट करावी लागतात, आणि एक दशांशावर आणायची असेल तर शंभरपट. मात्र या नियमाला एक अट आहे. प्रत्येक मोजमाप दुसऱ्यापासून स्वतंत्र हवे. म्हणजे पहिले झाड पाहून दुसऱ्याबद्दल काहीच तर्क करता येऊ नये.

आता एकाच राईतली दहा झाडे घ्या. ती एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढलेली. एक झाड जाड निघाले, तर बाकीचीही जाड असण्याचा संभव अधिक. या साम्याचे माप म्हणून संख्याशास्त्रज्ञ 'सहसंबंध' नावाचा आकडा वापरतात. काहीच साम्य नसेल तर तो ०, आणि पुरते साम्य असेल तर १. आपल्या राईतल्या कोणत्याही दोन झाडांचा सहसंबंध ०.५ आहे असे मानू. तर या दहा झाडांची किंमत किती स्वतंत्र झाडांइतकी होईल? गणित असे आहे:

१० ÷ (१ + ९ × ०.५) = १० ÷ ५.५ = सुमारे १.८

म्हणजे दहा झाडे मोजण्याचे कष्ट घेतले, पण माहिती मिळाली ती दोन झाडांइतकीही नाही! बरे, चिकाटीने त्याच राईतली शंभर झाडे मोजली तर? १०० ÷ (१ + ९९ × ०.५) म्हणजे १.९८. हजार झाडांचे गणित तुम्हीच करून पाहा. उत्तर दोनच्या पुढे कधीच जात नाही. या सूत्रात सहसंबंध ० घातला तर दहाची किंमत दहाच राहते आणि १ घातला तर एकच होते, हेही पडताळून पाहा.

धोका कुठे आहे हे तुमच्या लक्षात आले असेल. हजार झाडे मोजणारा माणूस म्हणेल, "माझा आकडा अगदी पक्का आहे." प्रत्यक्षात तो डळमळीत असेल. आणि त्या आकड्यावर विसंबून सरकार किती जंगल तोडायचे ते ठरवणार!

एक एकर गहू

शेजाऱ्यांचे हे साम्य फक्त जंगलातच असते असे नाही. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे मर्सर आणि हॉल या दोघांनी १९१० च्या हंगामात एक एकर गव्हाचे शेत निवडले. बी एकच, खत एकच, मशागत एकच. कापणीच्या वेळी त्यांनी शेताचे ५०० सारखे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यातले धान्य वेगवेगळे तोलले. सगळे काही सारखे, तेव्हा वजनही सारखे यायला हवे, होय ना? सरासरी वजन आले ३.९५ पौंड. पण सर्वांत कमी होते २.७३ आणि सर्वांत जास्त ५.१६, म्हणजे जवळजवळ दुप्पट!

हे आकडे १९११ साली प्रसिद्ध झाले आणि संख्याशास्त्रज्ञांनी पुढे कित्येक दशके त्यांचा अभ्यास केला. शेजारशेजारच्या तुकड्यांचे पीक एकमेकांशी जुळते, आणि अंतर वाढेल तसे हे साम्य ओसरते, हे त्यांवरून दिसले. मग प्रश्न आला, की साम्य अंतराबरोबर नेमके कसे ओसरते? त्याला गणिताच्या भाषेत बांधता येईल का?

एक प्रबंध

स्वीडनच्या सरकारी वनसंशोधन संस्थेत बर्टिल मातेर्न नावाचे एक संख्याशास्त्रज्ञ काम करीत होते. जन्म १९१७ चा. रेषांवरून चालत केलेल्या पाहणीचा आकडा कितपत भरवशाचा असतो, हा प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातलाच होता. त्यावर त्यांनी १९४७ साली एक निबंध लिहिला. तरीही प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. पुढे तेरा वर्षांनी, १९६० मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता, जागेनुसार होणारा बदल.

प्रबंधात त्यांनी साम्य आणि अंतर यांची सांगड घालणारे एक सूत्र मांडले. कल्पना करा, की या सूत्राला रेडिओसारख्या तीन कळा आहेत. पहिली कळ सांगते, की मोजायची गोष्ट एकंदरीत किती कमीजास्त होते. दुसरी सांगते, की साम्य किती अंतरापर्यंत टिकते. तिसरी सांगते, की बदल कसा होतो, गुळगुळीत उतारासारखा हळूहळू की खडबडीत दगडांसारखा झटक्याझटक्याने. तिन्ही कळा योग्य जागी फिरवल्या की एकच सूत्र जंगलालाही लागू पडते आणि गव्हाच्या शेतालाही.

असे सूत्र हाती आले, की दहा झाडांची खरी किंमत काढता येते. इतकेच नव्हे, तर मोजणी सुरू करण्यापूर्वीच रेषा किती अंतरावर आखाव्यात तेही ठरवता येते. मापे एका जागी गोळा केली तर कष्ट वाया जातात. ती सारख्या अंतरावर पसरली तर तेवढ्याच कष्टांत कितीतरी जास्त माहिती मिळते. पायपीट कमी आणि भरवसा जास्त!

हाच विचार इतरत्रही चालू होता. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाखालचे क्षेत्र नमुना पाहणीने मोजण्याची पद्धत बसवली. दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रिग या खाण अभियंत्याने १९५१ साली सोन्याच्या खाणींवर प्रबंध लिहिला. थोड्याशा नमुन्यांवरून श्रीमंत वाटलेला खडक खणल्यावर अनेकदा तेवढा श्रीमंत निघत नसे. म्हणून त्या जागेचा अंदाज बांधताना आसपासचे नमुनेही हिशेबात घ्यावेत, असे त्यांनी दाखवले. शेजाऱ्यांना विचारून न मोजलेल्या जागेचा अंदाज बांधण्याच्या या पद्धतीला आज त्यांच्याच नावावरून 'क्रिगिंग' म्हणतात.

जंगलातून बाहेर

या शास्त्राला अवकाशीय संख्याशास्त्र म्हणतात. इथे अवकाश म्हणजे अंतराळ नव्हे, तर जागा. मातेर्न यांचा प्रबंध १९८६ मध्ये पुन्हा छापला गेला. २००७ साली ते वारले, पण त्यांचे सूत्र आज जगभर वापरात आहे. समुद्राचे तापमान, हवेचे प्रदूषण, आफ्रिकेतल्या मलेरियाचे नकाशे, अशा कामांत जिथे मोजमाप नाही तिथला अंदाज बांधायला ते उपयोगी पडते.

आपल्या जवळचे उदाहरण हवे आहे? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच मुंबईत कुलाब्याला मात्र सुमारे ७३ मिलिमीटरच! पाऊस मोजायचे सगळे यंत्र त्या दिवशी कुलाब्यालाच असते, तर एकाच्या जागी दहा असूनही उत्तरेकडच्या प्रलयाची खबर आपल्याला त्यांच्याकडून मिळाली नसती. यंत्रे किती, याच्याइतकेच ती कुठे, हेही महत्त्वाचे असते.

असे प्रश्न अजून कितीतरी शिल्लक आहेत. त्यांवर काम करायला विद्यापीठांना तरुण संशोधक हवे असतात. स्वीडनमध्ये तर आज पीएच. डी. करणारा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. त्या जागेची रीतसर जाहिरात निघते आणि पूर्ण वेळ चार वर्षांचे काम असते. आपल्याकडेही एम. एस्सी. नंतर परीक्षा देऊन संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळवता येते. पीएच. डी. म्हणजे आणखी एक मोठी परीक्षा, असा पुष्कळांचा समज असतो. परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर परीक्षकाला ठाऊक असते. इथे मात्र ते कोणालाच ठाऊक नसते. गणित आवडणाऱ्या आणि चिखलात चालायची लाज न वाटणाऱ्या मुलामुलींसाठी हे काम फार चांगले आहे.

तुम्ही करून पाहा

त्यासाठी पीएच. डी. पर्यंत थांबायचे कारण नाही. पावसाळ्यात शाळेजवळच्या पडीक जागेवर सुतळी आणि खुंट्या घेऊन अर्धा मीटर बाजूचे चौरस आखा. दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा चौरस. प्रत्येक चौरसातली टाकळ्याची रोपे मोजून आकडे तशाच चौकटीत वहीत लिहा.

आता ओळीतल्या लगतच्या दोन चौरसांतला फरक काढा. मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा. अशा ९० जोड्या मिळतील. त्यांच्या फरकांची सरासरी काढा. मग एक चौरस सोडून पलीकडच्या चौरसाशी फरक काढा, म्हणजे ८० जोड्या होतील. नंतर दोन चौरस सोडून, म्हणजे ७० जोड्या. आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर सरासरी फरक घेऊन आलेख काढा.

आलेख सुरुवातीला चढत जाऊन पुढे सपाट झाला, तर समजा, की तुमच्या टाकळ्यालाही शेजारधर्म आहे आणि जिथे आलेख सपाट झाला तिथवरच तो पोहोचतो. सुरुवातीपासूनच सपाट आला, तर तेवढ्या अंतरात शेजाऱ्यांचा संबंध दिसत नाही, हेही एक उत्तरच आहे. संशोधक फरकाचा वर्ग घेतात. बाकी त्यांची रीत हीच.

मग सांगा पाहू, तुमच्या मैदानावर शंभर चौरसांऐवजी दहाच मोजायचे झाले, तर ते कुठले निवडाल?