घरी न्या म्हणतात, पण रात्री उठणार कोण?

"उद्या घरी न्या." सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी एवढेच सांगितले आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. आमची आई तेव्हा खाटेचा कठडा धरून सिस्टरांना विचारत होती, "विहिरीवर अजून किती वेळ उभं राहायचं, बाई?"

आईचे वय ७६. तीन वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया आहे. लघवीत जंतुसंसर्ग होऊन ताप चढला म्हणून तिला दाखल केले. ताप उतरला, पण घरून आपल्या पायाने चालत आलेली आई आता आम्हाला ओळखेना. रात्रभर सलाईनची नळी ओढायची.

त्या संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या जिन्यात घरची बैठक बसली. दादा म्हणाले, "घरी नेऊ, इथं आई सुकत चालली." अक्का म्हणाली, "आणखी आठ दिवस ठेवा." आम्हीही आमचे मत दिले. वहिनी जेवणाचे डबे पिशवीत भरत होत्या. त्यांना कोणी विचारले नाही. शेवटी त्याच बोलल्या, "न्या घरी. पण रात्री कोण उठणार, तेवढं सांगा."

कोणापाशी उत्तर नव्हते. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते. पण घरोघरी हीच रीत आहे. निर्णय मुलांनी घ्यायचा आणि जागरण सुनेने किंवा लेकीने करायचे!

दुसऱ्या दिवशी वहिनींना पुढे करून आम्ही समाजसेवा अधीक्षकांना भेटलो. मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्यांचे वेगळे कार्यालय असते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली या कामाची सुरुवात झाली. तरी आपल्यापैकी अनेकांना ते दार ठाऊक नसते. त्यांनी डॉक्टरांची दहा मिनिटे मिळवून दिली. त्या दहा मिनिटांत जे कळले, ते वाचकांना सांगतो.

स्मृतिभ्रंशाचे माणूस रुग्णालयात एकाएकी जास्त भ्रमात गेले, म्हणजे तो आजारच वाढला असे नव्हे. जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, शौचाला न होणे, नवे औषध, झोपमोड, परकी जागा यांनी असा भ्रम होतो. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. मूळ कारण बरे केल्यावर तो पुष्कळदा ओसरतो. पण कधी काही दिवस, तर कधी काही आठवडे लागतात. म्हणून त्या चार दिवसांची अवस्था पाहून कायमचा निर्णय करू नये. आईचा चष्मा आम्ही हरवेल म्हणून घरी ठेवला होता. तो डोळ्यांवर चढवल्यावर ती थोडी शांत झाली.

घरी नेण्याआधी हे विचारून घ्या. आधी चालत होते, ते आता का चालत नाहीत? झोपेची गोळी नव्याने दिली असेल तर ती किती दिवस द्यायची? लघवीची नळी काढणार का? गिळताना ठसका लागतो का? पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची, हे सिस्टरांकडून हाताने शिकून घ्या. काय झाले तर परत आणायचे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. आणि "आमच्या मर्जीने नेतो" असा कागद समोर आला, तर वाचल्याशिवाय सही करू नका. तो कागद डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेल्याचा असतो.

पैशांचेही पाहावे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. त्यावर योजनेतील रुग्णालयात वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. मात्र घरच्या शुश्रूषेला त्यातून काही मिळत नाही. तो भार घरानेच वाटून घ्यायचा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोनही आहे. अडचणीच्या वेळी विचारायला तो जवळ असू द्या.

हे दुखणे काही एकट्यादुकट्या घरचे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतले कितीतरी जण आपल्यासारख्या दहा बाय बाराच्या खोल्यांत राहतात.

आईला आम्ही आणखी दोन दिवसांनी घरी आणले, पण आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रात्री वाटून घेतल्या. सोमवार-मंगळवार दादा, बुधवार-गुरुवार आम्ही, शनिवार-रविवार अक्का. वहिनींकडे फक्त शुक्रवार. दाराला वरून कडी लावली, मोरीपाशी दिवा ठेवला, आईच्या पोलक्याला आतून फोन नंबर शिवला.

तीन आठवड्यांनी तिने अक्काला नावाने हाक मारली. आम्हाला अजून कधी ओळखते, कधी नाही. ती पूर्वीसारखी होणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. पण वहिनी आता रात्री झोपतात.

तुमच्या घरी ही वेळ आली, तर बैठकीत पहिला शब्द सांभाळणारीला द्या.