लेकरू सांगतंय, तर ऐका

सख्यांनो, गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता सगळं मोकळेपणानं बोलतो. पण लेकरांवरच्या अत्याचाराचा विषय निघाला की आवाज खाली जातो. 'आपल्याकडे असं काही होत नाही' म्हणून आपण पुढं सरकतो. म्हणून आज आपल्या नागपूरचंच एक प्रकरण समजून घेऊ.

डिसेंबर २०१६. १२ वर्षांची एक मुलगी पेरू आणायला गेली, ती बराच वेळ परतलीच नाही. आई शोधायला निघाली. मुलीला कोण घेऊन गेलं, ते एका शेजारणीनं सांगितलं. 'ती इथं नाही,' असं त्या माणसानं म्हटलं, तरी आई मागं फिरली नाही. वरच्या खोलीला बाहेरून कडी होती, आत लेकरू रडत होतं. आईनं मुलीचं ऐकलं, तिच्यावर विश्वास ठेवला आणि लगेच पोलीस ठाणं गाठलं.

विशेष न्यायालयानं त्या माणसाला पोक्सो कायद्याखाली शिक्षा दिली. पण जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं, की स्पर्श कपड्यांवरून झाला, म्हणून या कलमाखाली गुन्हा होत नाही. देशभर संताप उसळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द झाला. कपडा मध्ये होता की नव्हता हे महत्त्वाचं नाही, स्पर्श करणाऱ्याचा हेतू महत्त्वाचा, असं न्यायालयानं ठरवलं. आज देशातल्या प्रत्येक लेकराला या निकालाचा आधार आहे. शेजारीण गप्प बसली असती, तर?

असे प्रकार किती होतात? केंद्र सरकारनं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणता ना कोणता लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगेही होते. त्रास देणारे निम्मे जण ओळखीचेच निघाले. म्हणजे 'अनोळखी माणसाशी बोलू नको' एवढं शिकवून भागत नाही.

अत्याचार म्हणजे फक्त हेच नाही. बेदम मारणं, उपाशी ठेवणं, आजारी लेकराला दवाखान्यात न नेणं, त्याची हेळसांड करणं, हेही त्यातच येतं.

मग आपण काय करायचं?

• लेकरू काही सांगत असेल तर मध्येच रागावू नका. 'तू तिथं गेलीच कशाला?' हा प्रश्न तर विचारूच नका. 'तुझी चूक नाही,' असं आधी सांगा.
• १०९८ वर फोन करा. हा फोन दिवसरात्र फुकट लागतो. शेजारीणही करू शकते.
• पोक्सोचा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे.
• जबाब घरी घेता येतो. त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची असते. लेकराला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.
• लेकराचं नाव गावात, मोबाईलच्या ग्रुपवर फिरवू नका.
• 'घरातलं घरात मिटवू' असं कुणी म्हटलं तर तयार होऊ नका. मिटतं ते फक्त मोठ्यांचं, लेकराचं नाही.

येत्या बैठकीत हप्ता भरून झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. १०९८ हा नंबर प्रत्येकीनं आपल्या पासबुकावर लिहून ठेवा, आणि लेकरांनाही पाठ करून द्या.