मासा जगला, म्हणून पाणी चांगले?

कारखान्याचे सांडपाणी घातक आहे की नाही, हे ठरवण्याची आपल्या देशात एक कायदेशीर कसोटी आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांनुसार त्या पाण्यात, दुसरे पाणी न मिसळता, मासे सोडायचे आणि ९६ तासांनी मोजायचे. शंभरांतले नव्वद जगले की पाणी पास. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही कसोटी आवडते, कारण मासा हा असा साक्षीदार आहे की त्याला कोणी फितवू शकत नाही. परंतु कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांपुढे या प्रामाणिक साक्षीदाराचीही फसगत होते.

या नळ्या म्हणजे काय? काजळीत असतो तोच कार्बन. त्याचा एका अणूच्या जाडीचा पत्रा गुंडाळला की नळी झाली. अशा पदराआड पदर असलेल्या, दहा नॅनोमीटर जाडीच्या एक लाख नळ्या शेजारी शेजारी मांडाव्यात, तेव्हा एक मिलिमीटर भरतो. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांनी त्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले. मुंबईच्या आय. आय. टी.त प्रा. महेश्वर शेरॉन यांनी तर त्या चक्क कापरापासून बनवल्या! आज त्या बॅटरीत आणि प्लॅस्टिकमध्ये घालतात.

मोरचूद पाण्यात विरघळतो. किती घातला आणि माशाला किती लागला, याचा हिशेब जुळतो. नळी विरघळत नाही. नळ्या एकमेकींना चिकटतात, गोळे होतात आणि तळाशी बसतात. पहिल्या दिवशी जितके मिलिग्रॅम घातले, तितके दुसऱ्या दिवशी वरच्या पाण्यात नसतात. मासा जगला खरा, पण विष त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते!

मग द्रावक घालून त्या पाण्यात पसरवाव्यात, तर निराळाच घोटाळा. नळ्यांचे भावंड असलेल्या फुलरीन या कार्बनच्या गोळ्याने माशाच्या मेंदूला इजा होते, असे २००४ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले आणि खळबळ उडाली. २००७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी माशांच्या पिलांवर तपासले, तेव्हा फुलरीन पसरवण्यासाठी वापरलेल्या द्रावकाच्या विघटनातून झालेली द्रव्येच विषारी ठरली. म्हणून नुसत्या द्रावकाचे एक भांडे शेजारी ठेवलेच पाहिजे. नळ्या बनवताना वापरलेले निकेल, लोखंड आत उरते. त्याचाही हिशेब निराळा मांडावा लागतो.

शेवाळाची परीक्षा ७२ तासांची. नळ्यांनी पाणी काळे झाले की शेवाळाची वाढ खुंटते. पण ती विषाने, की ऊन न मिळाल्याने? डॅफ्निया नावाचा पिसवेएवढा जीव पाणी गाळून अन्न खातो. त्याचे पोट नळ्यांनी काळे भरलेले भिंगातून स्पष्ट दिसते. ४८ तासांत तो मेला नाही, तरी भरल्या पोटी उपाशी राहू शकतो. विष पाजणे आणि भाकर हिरावणे यांतला फरक आम्हा मंडळींना समजावून सांगावा लागत नाही.

याच कारणांनी युरोप-अमेरिकेसह अनेक देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०२० मध्ये सूक्ष्म पदार्थांच्या परीक्षेसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. पाण्यातील प्रमाण परीक्षा चालू असताना पुन्हा पुन्हा मोजावे, आणि गाळातील जीवांचीही तपासणी करावी, असा तिचा रोख आहे.

गाळाचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्या मांजरेत या नळ्या आहेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेले आपण लातूरकर. तलाव आटला की त्याच्या तळाचा गाळ आपण सोन्यासारखा शेतात नेऊन पसरतो. जे तळाशी बसले ते गेले, असे निदान आपल्याकडे तरी म्हणता येत नाही.