इतक्या जगांत आपली आठवण

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका वृद्ध शेतकरी बंधूंनी आम्हांस गाठले. पत्नी वारल्यापासून ते एकटेच राहतात. ते म्हणाले, "फादर, आकाशात आणखी हजारो ग्रह सापडले म्हणतात. मग देवाला आमची आठवण ती कशी राहावी?" घाईचे उत्तर त्यांस पुरले नसते, म्हणून येथे लिहितो.

प्रथम हे ग्रह सापडले कसे, ते पाहू. ताऱ्याच्या तेजापुढे त्याचा ग्रह सहसा दिसत नाही. मात्र फिरता फिरता तो ताऱ्यासमोरून गेला, की दिव्यासमोरून चिलट जावे तसा ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. ग्रह पृथ्वीएवढा व तारा सूर्यासारखा असल्यास ही घट बारा हजारांत सुमारे एक भाग एवढीच! ती मोजण्यास दुर्बीण अवकाशात न्यावी, असा अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम बोरुकी यांचा आग्रह होता. त्यांची योजना चार वेळा नाकारली गेली. अखेर २००१ साली ती मंजूर झाली आणि मार्च २००९ मध्ये 'केप्लर' दुर्बीण अवकाशात गेली. हंस व स्वरमंडळ या तारकासमूहांच्या दिशेस दृष्टी लावून तिने चार वर्षे सुमारे दीड लाख ताऱ्यांवर पाळत ठेवली. प्रकाश एकदा मंदावला, एवढ्यावर विसंबायचे नाही. ठरावीक काळाने तो पुन:पुन्हा मंदावला पाहिजे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंधन संपून तिचे कार्य थांबले. तोवर तिच्या निरीक्षणांतून २,६०० हून अधिक ग्रह निश्चित झाले होते. त्यांपैकी एकावरही जीवसृष्टी असल्याचा खात्रीचा पुरावा अद्यापि मिळालेला नाही.

आता श्रद्धेविषयी. देव अनेक जगे निर्माण करूच शकत नाही, असे प्रतिपादणाऱ्या मताचा पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी १२७७ सालीच निषेध केला होता. देवाच्या सामर्थ्यास एका जगाचे कुंपण घालू नये, ही शिकवण ख्रिस्तसभेत अशी जुनी आहे.

आणि त्याची प्रीती? सात लेकरांची आई प्रत्येकास मायेचा सातवा हिस्सा देत नाही. प्रत्येकास ती सगळीच देते. नव्याण्णव मेंढरे सोडून एका हरवलेल्या मेंढरामागे निघालेला मेंढपाळ तर आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. बारा हजारांतील एका भागाएवढा अंधुकपणा माणसाच्या यंत्रास कळतो. मग एकाकी घरातील उसासा परमेश्वरास कळणार नाही काय?

आमच्या त्या बंधूंनी आज रोझरी आटोपल्यावर अंगणात यावे आणि आकाशाकडे नि:शंकपणे पाहावे. आणि शेजारच्या कुटुंबांनीही त्यांची आठवण ठेवावी. देव पुष्कळदा माणसांकरवीच आठवण ठेवीत असतो.